चंद्रकांत मांडरे यांची चित्रं भिंतभर दाखवा, पण चित्र ओळखून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चारी भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरने चित्रं पसरायची आणि प्रेक्षकाला त्यांच्या मधोमध उभं करायचं, अशी ‘इमर्सिव्ह’ प्रदर्शनं आता आपल्याला नवी राहिलेली नाहीत. व्हॅन गॉगच्या चित्रांची अशी प्रदर्शनं २०२३ मध्ये मुंबईत झाली. हॉलिवूडचा नट जॉनी डेप याच्या चित्रांचं असंच प्रदर्शन २०२४ मध्ये न्यूयॉर्कला भरलं. चित्रकार नट असला की एरवी चित्रदालनाची पायरी न चढणारा माणूसही तिकीट काढतो, आणि त्यात वाईट काही नाही. कोल्हापूरला तर असा नट बाहेरून आणायचीही गरज नाही. पडद्यावर शिवाजी महाराज उभे करणारे चंद्रकांत मांडरे तितक्याच निष्ठेने चित्रं काढत. राजारामपुरीतलं राहतं घर त्यांनी चित्रांसकट शासनाला दिलं आणि तिथेच आज त्यांच्या नावाचं कलासंग्रहालय आहे. त्यांच्या चित्रांचं इमर्सिव्ह प्रदर्शन कोल्हापुरात व्हावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. प्रोजेक्शन, प्रकाशयोजना आणि चित्रांची छायाचित्रं काढणं हे आमचं रोजचं काम. म्हणून ते कसं करावं आणि कुठे बिघडतं, हे सविस्तर लिहीत आहोत.

आमचं मुख्य म्हणणं असं, की सगळी चित्रं भिंतभर मोठी करण्याजोगी नसतात. कोणतं चित्र मोठं करायचं आणि कोणतं मूळ आकारातच, चौकटीत, काचेमागे पाहायला लावायचं, हा निर्णय आधी झाला पाहिजे. हॉल, तिकीट, संगीत हे सगळं त्यानंतर.

चंद्रकांतजींच्या संग्रहात तैलरंग आहेत, पेस्टल म्हणजे कोरड्या रंगखडूची चित्रं आहेत, पुष्कळ निसर्गचित्रं आहेत आणि पावडर शेडिंगची कामंही आहेत. प्रोजेक्टरपुढे सगळ्यात जास्त मार खाणार ती ही पावडर शेडिंगची. या पद्धतीत कोरडी पावडर कागदावर ब्रशने, कापसाने, बोटाने चोळत चोळत छटा चढवतात. गालाखालची सावली जिथे संपते आणि मान सुरू होते, तिथे रेघ नसते. करड्याच्या एका छटेतून दुसरी छटा कधी झाली ते कळतही नाही. चित्राचा सगळा जीव या गडद करड्या पट्ट्यात असतो, आणि प्रोजेक्टर नेमका तिथेच कमी पडतो. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. ‘काळा’ म्हणजे त्याच्या लेखी उजेड थांबवणं, आणि तो पूर्ण थांबत नाही. त्यात चार भिंतींची खोली. समोरच्या भिंतीवर लख्ख आकाश आलं की त्याचा उजेड उसळून या भिंतीवर येतो आणि इथल्या सावल्या धुऊन काढतो. कागदावर मखमलीसारखी दिसणारी सावली भिंतीवर राखेच्या रंगाची होते.

यावर उपाय आहेत. भिंती पांढऱ्या ठेवू नयेत, मॅट करड्या रंगवाव्यात. हिशोब सोपा आहे. पांढरी भिंत साधारण ८० टक्के उजेड परत फेकते. ४० टक्केवाला करडा लावला तर थेट चित्राचा उजेड निम्मा होतो, पण एका भिंतीवरून उसळून दुसरीवर येणारा उजेड दोनदा कापला जातो, म्हणजे चौथाईवर येतो. चित्र थोडं मंद होतं आणि सावल्या दुपटीने सुधारतात. छत आणि जमीन काळी किंवा गडद हवी. चकचकीत टाइल्स असतील तर त्यावर मॅट कार्पेट टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. पावडर शेडिंगचं चित्र दाखवायचंच असेल तर त्या वेळी एकच भिंत उजळावी आणि बाकीच्या तीन बंद ठेवाव्यात.

दुसरी अडचण जोडाची. मोठी भिंत एका प्रोजेक्टरमध्ये बसत नाही, म्हणून शेजारशेजारच्या दोन प्रतिमा १५ ते २० टक्के एकमेकींवर चढवून कडा विरघळवतात. उजळ चित्रात हा जोड दिसत नाही. गडद चित्रात मात्र दोन प्रोजेक्टरांचा न थांबलेला उजेड एकावर एक पडतो आणि चित्राच्या मधोमध उभा फिकट पट्टा उमटतो. सॉफ्टवेअरने तो झाकता येतो, पण त्यासाठी बाकीचं चित्रही तेवढंच फिकट करावं लागतं. म्हणून गडद चित्र जोडावर कधीही आणू नये, एकाच प्रोजेक्टरच्या हद्दीत बसवावं. मांडणीच्या नकाशावर जोड कुठे येतात ते लाल रेघेने आखून ठेवलं तर चित्रफीत बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून कळतं.

आता मापं. साडेअकरा मीटर लांब आणि चार मीटर उंच भिंत घेऊ. १६:१० आकाराची (रुंदी १६ तर उंची १०) ६.४ मीटर रुंद प्रतिमा बरोबर ४ मीटर उंच येते. अशा दोन प्रतिमा २० टक्के एकमेकींवर चढवल्या की ११.५२ मीटर होतात. ०.८ थ्रो रेशोची (भिंतीपासूनचं अंतर भागिले प्रतिमेची रुंदी) लेन्स असेल तर प्रोजेक्टर भिंतीपासून ५.१ मीटरवर येतो. तो जमिनीपासून साडेचार मीटर उंच टांगावा आणि प्रतिमा लेन्स शिफ्टने, म्हणजे प्रोजेक्टर न वाकवता आतली लेन्स सरकवून, खाली आणावी. कीस्टोन (तिरपी पडलेली प्रतिमा आकडेमोडीने सरळ करणं) वापरू नये, कारण त्यात पिक्सेल वाया जातात आणि बारीक पोत मऊ पडतो. या उंचीवरून भिंतीपासून दीड मीटरवर उभ्या माणसाची सुमारे अर्धा मीटर सावली भिंतीच्या पायथ्याशी पडते. तोच माणूस दोन मीटरवर गेला की सावली भिंतीवर येतच नाही. तेव्हा दोन मीटरवर जमिनीत मंद पट्टी आखली की काम झालं, स्वयंसेवकांना ‘मागे सरा’ म्हणून ओरडत बसावं लागत नाही. उजेडासाठी ८,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून निघणारा एकूण उजेड) प्रोजेक्टर या मापाला पुरतो. २५.६ चौरस मीटरवर तो ३०० लक्सच्या (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) वर जातो. ५,००० ल्युमेनचा घेतला तर २०० च्या आसपास येतो आणि करड्या भिंतीवर उदास दिसतो.

रेझोल्यूशनवर पैसे वाचवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. १९२० पिक्सेल ६.४ मीटरवर पसरले की एक पिक्सेल ३.३ मिलिमीटरचा होतो. तो डोळ्याला दिसेनासा व्हायला साधारण ११ मीटर मागे जावं लागतं, आणि खोली तेवढी नसते. तीन-चार मीटरवरून चित्र दाणेदार दिसतं, पेस्टलचा फटकारा आणि प्रोजेक्टरचा दाणा यांत फरक कळत नाही. फोर-के (३८४० पिक्सेल रुंद) घेतला तर पिक्सेल १.७ मिलिमीटरचा होतो आणि सहा मीटरवरून विरघळतो. बजेट अपुरं असेल तर भिंती चाराच्या दोन करा, पण त्या दोन फोर-के करा.

विसर्जन मिरवणुकीत ट्रॅक्टरवर दिसते ती एलईडी वॉल भाड्याने सहज मिळते, म्हणून तिचा पर्याय हमखास पुढे येतो. चित्रांसाठी ती घेऊ नये. तिचा उजेड डोळ्यांत थेट येतो, दिव्यांमधलं अंतर जवळून दिसतं आणि कागदावरचं चित्र टीव्हीसारखं भासतं. प्रवेशद्वाराबाहेर माहिती फिरवायला ती ठीक आहे.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती मूळ चित्रांची छायाचित्रं काढताना. पेस्टल आणि पावडर कागदावर नुसती टेकलेली असते, चिकटलेली नसते. चौकट आडवी-तिडवी हलवली, काचेवर टिचकी मारली, तरी कण सुटून काचेच्या खालच्या कडेला जमा होतात. अशी चित्रं फ्लॅटबेड स्कॅनरवर पालथी घालणं हा गुन्हाच समजावा. वरून फिक्सेटिव्ह (रंग पक्का करणारा फवारा) मारणंही तितकंच वाईट, त्याने छटा कायमच्या गडद होतात. काच फुटेल म्हणून तिच्या जागी अॅक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) बसवा, असा सल्ला कुणीतरी देतंच. अॅक्रिलिकवर स्थिर वीज धरते आणि ती पावडर स्वतःकडे ओढून घेते, तेव्हा तेही नको. चौकट न उघडता, काचेसकटच फोटो काढावा. दोन दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत ठेवून त्यांवर पोलरायझिंग फिल्म (उजेडाची एकाच दिशेतली कंपनं जाऊ देणारी) लावावी आणि लेन्सवरचा पोलरायझर त्याला काटकोनात फिरवावा, म्हणजे दिव्यांची चमक काचेवरून नाहीशी होते. कॅमेऱ्याचं स्वतःचं प्रतिबिंब उरतं. त्यासाठी कॅमेऱ्यापुढे काळं कापड धरून त्यातल्या भोकातून फक्त लेन्स बाहेर काढावी. कॅमेरा चित्राला समांतर आहे का हे पाहायला चित्राच्या मध्याशी काचेपुढे छोटा आरसा, काचेला न टेकवता पण समांतर, धरावा. व्ह्यूफाइंडरच्या बरोबर मध्यभागी लेन्स स्वतःलाच दिसली की समांतर. तैलचित्रांचे मात्र दोन फोटो हवेत. पोलरायझरने रंगाचा उठाव सपाट होतो, म्हणून दुसरा फोटो एका बाजूने तिरपा उजेड टाकून घ्यावा आणि नंतर दोन्ही मिळवावेत.

प्रत्येक चित्राबरोबर रंग पडताळायचं २४ रंगांचं कार्ड फोटोत आलंच पाहिजे. दिवे ९५ च्या वर सीआरआयचे (रंग किती खरे दिसतात त्याचं १०० पैकी माप), अतिनील किरण नसलेले हवेत, आणि फोटो काढून झाला की लगेच बंद. कागदावरच्या कामाला एरवी ५० लक्सच्या वर उजेड देत नाहीत, हे इथे विसरून चालत नाही. किती बारकाईने टिपायचं, याचाही हिशोब आधी मांडावा. समजा चित्र ६० सेंटिमीटर रुंद आहे आणि त्याच्या रुंदीचा चौथा हिस्सा एका प्रोजेक्टरच्या प्रतिमेत दाखवायचा आहे. फोर-केच्या ३८४० पिक्सेलसाठी अख्ख्या चित्राचे १५,३६० पिक्सेल लागतात, म्हणजे इंचाला सुमारे ६५०. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक फोटो साधारण ८,२०० पिक्सेल रुंद असतो. त्यामुळे तीन ओळींत तीन असे नऊ तुकडे, प्रत्येकी ३० टक्के एकमेकांवर चढवून घ्यावे लागतात. एका फोटोत काम भागवलं की भिंतीवर मळभ दिसतं आणि मग ते लपवायला ‘शार्पन’ करतात. तिथून चित्र हाताबाहेर जातं.

रंगाची खात्री हॉलमध्येच करायची असते. मूळ चित्र तिथे नेऊ नये. संग्रहालयात चित्राशेजारी धरून जुळवलेला एक छापील नमुना न्यावा, तो उजेडात धरावा आणि भिंत त्याला जुळवावी. प्रोजेक्टर ‘डायनॅमिक’ किंवा ‘प्रेझेंटेशन’ मोडवर ठेवला की हिरवा-पिवळा चढतो आणि पहाटेचं धुकं दुपारचं होतं.

चित्रांत हालचाल घालण्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. स्थिर चित्रातला पक्षी उडवायचा, नदी वाहती करायची, पाऊस पाडायचा, ही आता रूढ पद्धत झाली आहे. आमचा तिला विरोध आहे. चित्रकाराने पाणी स्थिर ठेवलं ते विचार करून. प्रेक्षकाची नजर चित्रावरून हळूहळू सरकवणं वेगळं, ते जरूर करावं. सरकण्याचा वेग मात्र बेताचा हवा. सहा मीटरची प्रतिमा पार करायला २० सेकंद तरी लागावेत. चारी भिंती आणि जमीन एकाच वेळी एकाच दिशेने सरकली तर डोळे म्हणतात ‘चाललोय’ आणि कान म्हणतो ‘उभा आहे’, आणि वयस्कर माणसांना गरगरतं. जमीन स्थिर ठेवली तर हा त्रास बराच कमी होतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारा उजेड फिट येणाऱ्यांसाठी धोक्याचा असतो, तो कुठेच नको. आणि चित्रपटांतले संवाद, तलवारी, पोस्टर हे सगळं बाहेरच्या दालनात असावं. आत नट दिसू लागला की चित्रं पार्श्वभूमी होऊन बसतात.

जागेचं म्हणाल तर पॅरिसमध्ये २०१८ साली असं दालन सुरू झालं ते एका जुन्या फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात). आपल्याकडे उद्यमनगर आणि शिरोली या कारखान्यांच्या भागांत उंच, खांब नसलेल्या शेड आहेत. क्रेनच्या गर्डरमुळे टांगायलाही सोय होते. फक्त तीन गोष्टी पाहाव्यात. छपरातले उजेडाचे पारदर्शक पत्रे झाकावे लागतात. वाळूची बारीक धूळ लेन्सवर आणि प्रोजेक्टरच्या हवेच्या वाटेत बसते, म्हणून जमीन आधी धुऊन सील करावी लागते. आणि पावसाळ्यात पत्र्याचा आवाज सगळ्या ध्वनियोजनेवर मात करतो. दहा प्रोजेक्टर म्हणजे साधारण ६ किलोवॅट भार, तो थ्री फेजवर वाटून घ्यावा, आर्थिंग तपासून घ्यावं आणि सर्व्हरला यूपीएस द्यावा. जनरेटरवर जाताना वीज क्षणभर गेली तरी सगळे प्रोजेक्टर पुन्हा एका तालावर यायला वेळ जातो आणि तेवढा वेळ प्रेक्षक अंधारात राहतो. १२ बाय ९ मीटरच्या खोलीत माणशी दोन चौरस मीटर धरले तर ५४ माणसं मावतात, त्याहून जास्त सोडू नयेत. माणसं मिळून जवळजवळ प्रोजेक्टरांइतकीच उष्णता देतात, त्यामुळे एसीचा हिशोब दोन्ही धरून करावा.

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ते कोल्हापूर विसरलेलं नाही. अंधारासाठी लावलेले काळे पडदे अग्निरोधक असल्याचा दाखला मागावा, बाहेर पडायला दोन विरुद्ध बाजूंना दारं हवीत आणि त्यांवरचे हिरवे दिवे ‘चित्र बिघडतं’ म्हणून झाकू देऊ नयेत.

प्रेक्षकांसाठी थोडं. आधी राजारामपुरीत जाऊन मूळ चित्रं पाहा आणि मग इमर्सिव्ह. उलट क्रमाने गेलं की मूळ चित्रं लहान वाटतात. संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार निघण्याआधी विचारून घ्या. प्रोजेक्शन फिरतं असतं, मधेच शिरलात तर बसून राहा आणि सुरुवात पुन्हा येईपर्यंत थांबा. पहिली फेरी मधोमध बसून पाहावी आणि दुसऱ्या फेरीत एकच भिंत धरावी. आत गेल्यावर डोळे सरावायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. गरगरलं तर पाठ एका भिंतीला टेकून समोरच्या भिंतीचा एकच बिंदू पाहा, जमिनीकडे पाहू नका.

शेवटी हक्कांचा मुद्दा, कारण बहुतेक ठिकाणी तो सगळ्यात उशिरा आठवतो. आपल्या कायद्यात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. चंद्रकांतजी २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत हक्क कायम आहे. चित्र ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे हक्क असतोच असं नाही. हक्क दिला असेल तर तो लेखी दिलेला असावा लागतो. त्यामुळे देणगीचा मूळ दस्त वाचूनच पुढे जावं आणि शासनाचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय व वारस अशी दोन्ही बाजूंची परवानगी घ्यावी. चित्राची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा वेगळा अधिकार कायद्याने दिलेला आहे, आणि उडवलेले पक्षी त्यात येऊ शकतात. कोल्हापूरचेच चित्रकार बाबूराव पेंटर १९५४ मध्ये गेले, आबालाल रहिमान १९३१ मध्ये. त्यांच्या चित्रांचा कॉपीराइट संपलेला आहे. तयारी कमी असेल तर पहिला प्रयोग त्यांच्या चित्रांवर करून पाहता येईल, मूळ चित्रं ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी मात्र लागेलच.

छायाचित्रणाचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर या काळातच उरकावं. पावसाळ्यात दमट हवेत चौकटी हलवल्या की काचेमागे बुरशीला वाव मिळतो. आणि करारात एक कलम आवर्जून घालावं : काढलेल्या सगळ्या मूळ फाइल्स, रंगाच्या कार्डसह, प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, प्रदर्शन उघडण्याआधी संग्रहालयाच्या ताब्यात द्याव्यात. ठेकेदार प्रदर्शन संपल्यावर देतो म्हणाला तर सही करू नये.

आपले,
प्रोजेक्शन, प्रकाशयोजना व चित्रमांडणीचं काम करणारे काही जण,
कोल्हापूर